कोळीवाड्याची गाडी

“मागे दोन काटक्यो बसल्यात, गाडी उडतली नाय तर काय करतली?”

मिस्त्री गाडीखाली आडवे होते, त्यामुळे आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटला. शेजारी पाना धरून उकिडवा बसलेला त्यांचा मेव्हणा दचकला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“हळू बोला भावजी. ती हयच उभी आसा.”

“अरे, मडमांच्या शाळेतली ती. तिका आपला काय समाजता?”

मला सगळं समजत होतं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई मालवणच्या होत्या आणि लहानपणी दुपारभर मी त्यांच्याच मागे मागे असे. पण समजतं हे सांगण्यासाठी तोंड उघडावं लागतं, आणि ते माझ्याने होत नसे. दोन काटक्यांपैकी एक मी होते. दुसरी माझी आई. ती गाडीच्या मागच्या सीटवर, पाठीशी दोन उशा आणि मांडीखाली एक घेऊन बसली होती. दार उघडं होतं. तिनेही ऐकलं असणार, कारण तिने पदर सारखा केला आणि हसू दाबलं.

लालबागला एका चाळीच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली हे गॅरेज होतं. बाबा रस्त्यापलीकडच्या इराण्याकडे फोन करायला गेले होते, म्हणून मिस्त्री मोकळेपणाने बोलत होते. बाबांसमोर ते मालवणी सोडून “साहेब, साहेब” करत जपून बोलायचे.

गाडी घेतली होती ती आईसाठी. आईच्या पाठीच्या मणक्याला क्षय झाला होता. एक अख्खा हिवाळा ती प्लास्टरमध्ये, फळीवर, छताकडे बघत पडून होती. प्लास्टर काढल्यावर दर आठवड्याला परळच्या इस्पितळात शेकासाठी आणि व्यायामासाठी न्यायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, हे मध्येच सोडलं तर पुन्हा प्लास्टर. त्या वेळी मी आईच्या शेजारी होते. प्लास्टर हा शब्द ऐकून तिने डोळे मिटून घेतले.

आम्ही गिरगावात राहत होतो. गिरगाव ते परळ हे अंतर काही फार नाही. पण वाटेत भायखळा, लालबाग, ट्रामचे रूळ, रुळांच्या दोन्ही बाजूंनी बसवलेले दगड. टॅक्सीने दोनदा नेऊन बघितलं. मग बाबा म्हणाले, “स्वतःची गाडी हवी. म्हणजे आपल्या चालीने नेता येईल.” बाबा एका औषधांच्या कंपनीत बऱ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या बरोबरीच्या दोघातिघांकडे गाड्या होत्या. आईचं दुखणं हे खरं कारण होतं, पण एकमेव नव्हतं. असं आता लिहिताना वाटतं. तेव्हा फक्त दिसलं होतं.

गाडी मिळाली शीवच्या कोळीवाड्यात. काळी, चार दारांची, विलायती, मुंबईत फारशी न दिसणारी. एका कोळी कुटुंबाची होती. त्यांनी मागची सीट काढून तिथे पत्रा ठोकला होता आणि बंदरावरून मासळीच्या टोपल्या त्यातून बाजारात नेत. आता त्यांनी छोटा ट्रक घेतला होता. मी बाबांबरोबर गेले होते. अंगणात जाळी वाळत घातली होती. गाडीची मालकीण चांगली आडव्या बांध्याची, कानात सोन्याच्या जड कुड्या. सौदा तिनेच केला, नवरा ओट्यावर बसून ऐकत होता. निघताना तिने गाडीच्या पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला, चाकावर हळद-कुंकू वाहिलं, अगदी होडी पाण्यात लोटताना करतात तसं. बाबा अवघडून इकडेतिकडे बघत होते. ती माझ्याकडे वळली, कदाचित बाबांशी बोलण्यात अर्थ नाही असं वाटून.

“पोरी, ही भरलेलीच नेवाची हां. रिकामी नेली त रुसते.”

मी मान हलवली. मला ते तिच्या प्रेमाचं बोलणं वाटलं.

मागचा पत्रा काढून नवीन सीट बसवली. आत फिनेल झालं, साबण झाला, पुढे आठ दिवस डॅशबोर्डवर उदबत्ती झाली. आमच्या घरी मासे चालत. बाजारातून पापलेट आणायला बाबा स्वतः जात. माशाचं वावडं नव्हतं. वावडं होतं माशाच्या गाडीचं. शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी बाल्कनीतून विचारलं, “कोणाची हो?” बाबा म्हणाले, “एका पारशी डॉक्टरांची. एकटा माणूस. फार जपून वापरलेली.” आई आणि मी तिथेच होतो. आईने माझ्याकडे बघितलं नाही, मी आईकडे बघितलं नाही. आमच्या घरात काही गोष्टी अशाच ठरत असत.

पुढे हे डॉक्टर वाढत गेले. ते माटुंग्याला राहू लागले. फक्त रविवारी गाडी काढू लागले. एकदा पाहुण्यांसमोर त्यांना एक कुत्राही मिळाला, जो मागच्या सीटवर कधीच बसत नसे.

गाडीत बसल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की काहीतरी चुकतंय. पुढे बसणाऱ्याला एवढं जाणवत नसे. बाबा चालवत, त्यांच्या हातात चाक असे, दणका येणार हे त्यांना आधी दिसे. मागे आम्ही दोघी. रूळ आला की मागचं अंग टणकन वर उडे आणि खाली येताना पुन्हा एकदा. दगडी रस्त्यावर तर सीट आणि आम्ही यांची सारखी गाठभेट चाले. आई माझा हात धरून बसे. ती ओरडत नसे, हूं की चूं करत नसे. पण दणका बसला की तिची बोटं माझ्या मनगटात रुतत, आणि इस्पितळात पोचेपर्यंत तिच्या ओठांवरची लव घामाने ओली झालेली असे. बाबा आरशातून विचारत, “बरं आहे ना?” आई म्हणे, “आहे की.”

तिला गाडी नको होती असं नाही. बाबांनी तिच्यासाठी गाडी घेतली, आणि त्या गाडीनेच तिला दुखतं, हे त्यांना सांगणं तिला नको होतं.

उपाय सुरू झाले. आधी रस्त्यांना दोष देऊन झाला. ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. कधी हरताळ, कधी रस्त्यावर दगड, कधी मोर्चा. शेजारचे काका म्हणत, “अहो, मुंबई मिळू द्या, मग रस्ते बघा.” मग टायरांतली हवा कमी केली. गाडी जरा लोळल्यासारखी चालली, दणके तेवढेच. मग लालबागच्या मिस्त्रींचं नाव कोणीतरी सुचवलं. त्यांनी चाकं हलवून बघितली, गाडी मागून दाबून बघितली, एका लाकडी ठोकळ्यावरून मागेपुढे नेली. त्यांना वाटलं, शॉकप गेले. शॉकप म्हणजे दणका बसला की गाडीला सारखं उडू न देता आवरून धरणाऱ्या नळ्या. नवे बसवले. गाडी दोनदा उडायची ती एकदाच उडू लागली, पण ते एकदाचं उडणं आधीपेक्षा कडक. मग सांध्यांतले रबरी बुश बदलले. त्याने कुरकुर थांबली. दणका तसाच राहिला, फक्त आता मुका झाला.

स्प्रिंगांकडे त्यांनी वरवर बघितलं होतं. मागच्या चाकांवर लोखंडाच्या लांब, वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. मिस्त्री एकेका पट्टीला पाटा म्हणत. आमच्या गाडीच्या पाट्यांवर तागाचं कापड गुंडाळून वरून डांबर फासलेलं होतं. मिस्त्री कौतुकाने म्हणाले होते, “पारशी तो पारशीच साहेब. स्प्रिंगला पण कपडे शिवले त्याने.” बाबा हसले होते. खाऱ्या पाण्याने लोखंड खाऊ नये म्हणून डांबर कोण लावतं हे मला कळत होतं. कोळीवाड्याच्या त्या अंगणात डांबराचं पिंप मी बघितलं होतं. मी काही बोलले नाही.

आणखी एक गोष्ट मी बघत होते. आमच्या खिडकीतून गाडी खाली उभी दिसे. तिचा मागचा भाग उचललेला असे, चोच खाली घालून दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा. बाबा म्हणत, “डौल बघ.” मलाही तो डौलच वाटे, कारण तशी दुसरी गाडी मी बघितली नव्हती. बहुतेक मिस्त्रींनीही नव्हती.

त्या दिवशी, काटक्यांचं बोलून झाल्यावर, मिस्त्री गाडीखालून बाहेर आले आणि फोन करून परतलेल्या बाबांना म्हणाले, “साहेब, स्प्रिंगा बसल्यात. जुनी गाडी, दम गेला. एकेक पाटा वाढवू या. लोहाराकडून करून आणतो. पुढल्या आठवड्यात या.”

बाबांना ते पटलं. मला ना पटलं, ना न पटलं. माझ्या कानात काटक्याच होत्या.

परतीच्या वाटेवर आईची बोटं नेहमीपेक्षा जास्त रुतली. घरी आल्यावर तिने पलंगावर आडवं होत बाबांना सांगितलं, “अहो, पुढच्या आठवड्यापासून मी नाही जायची. बरं वाटतंय आता.”

“बरं वाटतंय म्हणजे? डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“कंटाळा आला मला त्या इस्पितळाचा.”

“कंटाळा? गाडी दारात उभी आहे तुझ्यासाठी, आणि कंटाळा?”

आई भिंतीकडे तोंड करून झोपली. बाबांना खरंच कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि मी आईसाठी ऊन पाण्याची पिशवी भरत होते.

त्याच आठवड्यात शिवाजी पार्कवर मोठी सभा होती. माझी मावशी दादरला पार्काजवळच राहायची आणि आईला खिडकीतून तरी सभा बघायची होती. कित्येक महिन्यांत तिने काही मागितलं नव्हतं, म्हणून बाबांनी नेलं. जाताना नेहमीसारखेच हाल झाले. खिडकीतून सभा म्हणजे माणसांची डोकी आणि कर्ण्यातून येणारा तुटक आवाज एवढंच, पण आई रंगून गेली होती. घोषणा झाली की तीही ओठ हलवायची.

सभा सुटल्यावर ट्राम आणि बस यांच्यात शिरायला जागा नव्हती. आम्ही खाली आलो तर आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या चाळीतल्या बायका घोळक्याने चालत गिरगावाकडे निघालेल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी आमची गाडी ओळखली. त्या चांगल्या वजनदार होत्या आणि आवाजही तसाच.

“अहो भाऊ, संयुक्त महाराष्ट्र नंतर करू, आधी आम्हाला संयुक्त करा!”

बाबांना नाही म्हणता येईना. काकू मागे आईशेजारी बसल्या, त्यांच्या पलीकडे त्यांची सून, सुनेच्या मांडीवर मुलगी, पुढे दोघी, आणि मी खाली, सगळ्यांच्या पायांत. मागची डिकी अर्धी उघडी ठेवून तिच्यात चाळीतल्या दोघी धडधाकट बहिणी पाय बाहेर सोडून बसल्या.

“हिला बोलतं कधी करणार गं?” काकूंनी माझ्या डोक्यावर टपली मारली. “तोंडात मिश्री धरून बसलीय की काय? सांग, झालाच पाहिजे!”

मी हसले.

“हसू नको, म्हण. इंग्रजीत म्हणालीस तरी चालेल.”

गाडीत हशा पिकला. डिकीतून त्या दोघी ओरडल्या, “काय झालं? आम्हालाही सांगा!” एवढ्यात परळचे रूळ आले. मी सवयीने अंग आवळलं, आईचा हात शोधला. गाडी रुळांवरून गेली. सावकाश खाली बसली, सावकाश वर आली, आणि पुढे चालू लागली. मी आईकडे वर बघितलं. आई झोपली होती. काकूंच्या दंडावर डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. लालबागचे दगड आले, भायखळ्याचा पूल आला, तिला जाग आली नाही. तिची बोटं माझ्या हातात नुसती पडलेली होती.

“दमली बिचारी,” काकू हळूच म्हणाल्या.

ती दमली नव्हती. तिला दुखत नव्हतं.

गिरगावात सगळ्याजणी उतरल्या. शेवटी डिकीतल्या बहिणींनी खाली उडी मारली आणि गाडीचं मागचं अंग फुगल्यासारखं वर आलं. मी फुटपाथवर उभी राहून ते बघितलं. मग सगळं एकापाठोपाठ आलं. कोंबडीसारखी उचललेली शेपटी. दम गेलेली स्प्रिंग खाली बसेल, वर कशी राहील? दोन काटक्या. रिकामी नेली त रुसते. मिस्त्रींनी गंमत म्हणून आणि कोळणीने माया म्हणून जे सांगितलं होतं ते दोन्ही खरं होतं, अगदी शब्दशः. टोपल्यांचा भार पेलावा म्हणून कोळ्यांनी जादा पाटे घातले असणार. आमच्या वजनाने ते वाकतच नव्हते. म्हणून रस्त्याचा प्रत्येक दगड सरळ आईच्या मणक्यात शिरत होता. आणि आता बाबा आणखी एक पाटा घालायला निघाले होते.

दोन दिवस मी ते बोलायचं ठरवत होते. जेवताना ठरवलं, बाबा वर्तमानपत्र वाचत असताना ठरवलं. इंग्रजीत वाक्य जुळवलं, ते मराठीत आणलं, मग त्यातला पारशी डॉक्टर आडवा आला. गाडीचं खरं सांगायचं तर डॉक्टरांना काढावं लागणार होतं, आणि तेही कुत्र्यासकट. घरात, बंद दाराआड, कदाचित जमलंही असतं. पण बाबा म्हणाले असते, “बघू,” आणि गॅरेजमध्ये तोंड मिटून बसले असते. हे मला माहीत होतं, कारण तसंच मीही केलं असतं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्याच्यासाठी थांबावं लागणार नाही. मिस्त्रींनी डांबराचं कापड सुरीने कापून काढलं. आत मूळचे पाटे होते आणि त्यांच्याखाली वेगळ्या लोखंडाचे, जाडजूड, हाताने घडवलेले जादा पाटे, ट्रकला शोभतील असे. मेव्हण्याने शीळ घातली. मिस्त्रींनी ते काढले, राहिलेले वेगळे करून घासले, मध्ये ग्रीस भरलं, पुन्हा बांधले. गाडीची शेपटी खाली आली आणि डौल गेला. मिस्त्री कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “साहेब, आधी सांगितलं असतं तर शॉकपच्या भानगडीत पडलो नसतो.” मग माझ्याकडे बघून थोडे ओशाळले आणि म्हणाले, “तुका मालवणी समाजता काय?” मी मान हलवली. मेव्हणा जो हसत सुटला तो थांबेना.

आई पुढच्या आठवड्यात इस्पितळात गेली, आणि त्याच्या पुढच्याही. दणके पूर्ण थांबले नाहीत. मुंबईत ते कोणाचेच थांबत नाहीत. पण तिची बोटं रुतायची थांबली. पुन्हा प्लास्टर चढलं नाही. बाबा काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एका रविवारी शेजारच्या काकांना बाल्कनीतून मोठ्याने सांगताना ऐकलं, “अहो, कोळ्यांची गाडी! त्यांच्यासारखं दणकट कोणी काही वापरत नाही.” काकांनी डॉक्टरांचं काय झालं ते विचारलं नाही. सभ्य माणूस होते.

पण हे सगळं नंतरचं. मिस्त्रींनी बोलावलेल्या त्या सकाळी गॅरेजमध्ये लोहाराने केलेले नवे पाटे भिंतीला टेकवून तयार होते. आई यायला तयार नव्हती. गाडी आज नीट होईल, तिथून परळ जवळच, मग वाटलं तर इस्पितळात जा, नाहीतर परत येऊ, असं म्हणून बाबांनी तिला बसवून आणलं होतं. ती मागच्या सीटवर उशांत बसली होती. येताना लालबागच्या वळणावर बसलेल्या दणक्याने उडालेला तिच्या चेहऱ्याचा रंग अजून परतला नव्हता. मिस्त्रींनी गाडीखाली शिरण्याआधी हात पुसले आणि सहज विचारलं, “साहेब, ह्या गाडीने आधी कधी वजनबिजन वाहिलंय का? नाय म्हणजे, पाटा किती जाड टाकायचा, त्याचा अंदाज.”

बाबांनी क्षणभर आमच्याकडे बघितलं. मग म्हणाले, “छे. पारशी डॉक्टर. एकटा माणूस.”

“मग बरोबर,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी भिंतीला टेकवलेला पाटा उचलला.

आईने पायाच्या बोटांकडे बघितलं. माझ्या मनगटावर तिची बोटं होती, अजून रुतलेली. मेव्हण्याने जॅकला हात घातला. आता कोणी काही बोललं नाही तर गाडी आणखी कडक होणार होती आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपणार होती. मी गाडीतून उतरले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला, इतका, की पलीकडचा इराणीही गल्ल्यावरून मान वर करून बघू लागला.

“पाटा घालू नका, मिस्त्री. ही गाडी पारशाची नव्हती, कोळीवाड्यातून आणलीय. मागे मासळीच्या टोपल्या भरून जायच्या, म्हणून कोळ्यांनी पाटे वाढवलेत. ते काढा. आणि बाबा, आईला कंटाळा आलेला नाही. आईला दुखतं.”